ओरॅकल नोडवरील जॉब : रचना आणि पडताळणी

ओरॅकल नोडवरील जॉब : ब्लॉकचेनबाहेरची माहिती मिळवून ती स्मार्ट कॉन्ट्रॅक्टपर्यंत पोहोचवण्यासाठी नोडला दिलेला लेखी कार्यक्रम. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टला इंटरनेटवरचा भाव स्वतःहून वाचता येत नाही. जाळ्यातल्या प्रत्येक संगणकाला तोच हिशेब करून तेच उत्तर मिळावे लागते, आणि बाहेरचे उत्तर तर क्षणाक्षणाला बदलते. 2019 मध्ये इथेरियमच्या मुख्य जाळ्यावर सुरू झालेल्या चेनलिंक या ओरॅकल-जाळ्याच्या नोडवर हा जॉब आता टॉमल मांडणीत लिहितात. त्यात कॉन्ट्रॅक्टचा पत्ता, जॉबचा ओळख-क्रमांक आणि पायऱ्या असतात : आलेली मागणी उलगडणे, एचटीटीपीवरून माहिती आणणे, जेसॉनमधून नेमका आकडा काढणे, तो गुणणे आणि व्यवहार करून कॉन्ट्रॅक्टला पाठवणे. साऱ्या पायऱ्या पार पडल्या की नोडच्या पडद्यावर तो रन (जॉबची एक फेरी) ‘पूर्ण’ दिसतो.

‘पूर्ण’ची ही खूण म्हणजे पडताळणी नव्हे. नोडची उत्तरे स्वीकारणाऱ्या ऑपरेटर कॉन्ट्रॅक्टमध्ये नोडच्या खात्याला परवानगी दिलेली नसली किंवा त्या खात्यात गॅसपुरते, म्हणजे व्यवहाराच्या शुल्कापुरते, इथर नसले, तर उत्तर पोहोचतच नाही. असा दोष लगेच सापडतो. गुणकातली चूक मात्र गुपचूप पुढे जाते. सॉलिडिटीत अपूर्णांकांचा हिशेब नसल्याने भाव गुणून पूर्णांक करावा लागतो, आणि डॉलरमधल्या भावांसाठी चेनलिंकच्या भाव-पुरवठ्यात (फीडमध्ये) सहसा 8 दशांश स्थळे धरतात. जॉबने 8 च्या जागी 18 धरली, तरी एकही पायरी अडत नाही आणि 1,000 कोटी पट मोठा आकडा साखळीवर जातो. म्हणून जॉब लिहितानाच प्रत्येक पायरीचे फळ दुसऱ्या स्वतंत्र स्रोताशी ताडावे, आणि सेपोलियासारख्या चाचणी-जाळ्यावर कॉन्ट्रॅक्टने प्रत्यक्ष काय साठवले ते वाचावे. नोडचा पडदा नव्हे, कॉन्ट्रॅक्टमधला आकडा हाच इथे पुरावा.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, नोड अनेक असतात आणि त्यांच्या उत्तरांचा मध्यक घेतला जातो, मग एका जॉबची एवढी चिंता कशाला? मध्यक तारतो, पण निम्म्याहून कमी उत्तरे चुकीची असतील तोवरच. सगळे नोड एकाच सेवेकडून भाव आणत असतील, तर ते मिळून एकच चूक पाठवतात. जून 2019 मध्ये सिंथेटिक्स या कृत्रिम-मालमत्तांच्या व्यवस्थेच्या स्वतःच्या, चेनलिंकबाहेरच्या भाव-व्यवस्थेत एका व्यावसायिक सेवेने दक्षिण कोरियाच्या वॉनचा भाव 1,000 पट जास्त दिला. तो गाळला गेला नाही, आणि एका स्वयंचलित सौदेकऱ्याने त्यावर प्रचंड व्यवहार केले. ते पुढे वाटाघाटींनी उलटवावे लागले. माहिती वेळेवर आली होती, चुकला होता तो फक्त आकडा.

मग किमान-कमाल मर्यादा घालाव्यात, हा दुसरा उपाय. तो योग्य आहे, पण मर्यादा ओलांडल्यावर काय होणार हे ठरवल्याशिवाय घातक ठरतो. मे 2022 मध्ये लूना हे क्रिप्टो-चलन कोसळताना बीएनबी साखळीवरचा चेनलिंकचा फीड 0.10 डॉलरच्या तळमर्यादेपाशी थांबला. बाजारभाव त्याहून कितीतरी खाली गेला, तरी व्हीनस ही कर्जव्यवस्था सुमारे 0.107 डॉलर हाच भाव धरून कर्ज देत राहिली आणि तिला सुमारे 1.1 कोटी डॉलरचा तोटा झाला. तेव्हा मर्यादा मोडणारे उत्तर आले, तर जॉबने रन अयशस्वी ठरवून नोडचालकाला कळवावे, आणि भाव वापरणाऱ्या कॉन्ट्रॅक्टने आकड्याबरोबर त्याची शेवटची अद्ययावत वेळही तपासून शिळा भाव नाकारावा. नोडचालक यातली फक्त पहिली बाजू सांभाळू शकतो. दुसरी कॉन्ट्रॅक्ट लिहिणाऱ्याच्या हाती असते.