सीमारेषेवरची साखर: तंजावरच्या वैद्यकापासून चेन्नईच्या प्रयोगापर्यंत

कुंभकोणमजवळच्या स्वामीमलै येथे मुरुगनाचे मंदिर एका कृत्रिम टेकडीवर आहे. तेथील ६० पायऱ्या प्रभव, विभव आदी ६० संवत्सरांच्या प्रतीक मानल्या जातात. हीच नावे मराठी पंचांगातही आहेत. कावेरीकाठच्या या मुलखाशी मराठ्यांचे नाते केवळ पंचांगापुरते नव्हते. तंजावरचे सरफोजी राजे दुसरे (राज्यकाळ १७९८–१८३२) यांनी ‘धन्वंतरी महाल’ उभारून तेथे औषधांची पारख करवली. निवडलेले उपचार रोगवार तमिळ पद्यात नोंदवले गेले. या ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ ग्रंथमालेत मधुमेहावरही स्वतंत्र भाग आहे.

या रोगावर श्रम हे औषध आहे, ही कल्पना तर त्याहून कितीतरी जुनी. सुश्रुतसंहितेने निर्धन प्रमेही रुग्णाला शंभर योजने चालण्याचा, विहीर खणण्याचा उपाय सांगितला होता. मात्र एक प्रश्न शिल्लक राहिला: रुग्ण सुधारला तो उपायामुळे, की उपाय केला नसता तरी सुधारलाच असता?

या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी तुलनेचा गट लागतो. चीनमधील दाचिंग (१९९७), फिनलंड (२००१) आणि अमेरिका (२००२) येथील चाचण्यांनी आहार-व्यायामाचा लाभ दाखवला. परंतु फिनलंड व अमेरिकेतील सहभागी बहुतांशी स्थूल होते. भारतीयांना तर तुलनेने कमी वजनातही मधुमेह गाठतो. मग येथे काय?

चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांच्या ‘इंडियन डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’ने २००६ मध्ये उत्तर दिले. ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी साखर १४० ते १९९ मि.ग्रॅ. असलेल्या ५३१ जणांचे चार गट केले गेले. जीवनशैलीच्या गटाला रोज किमान अर्धा तास चालणे, साखर व मैद्यासारखे पदार्थ टाळणे, तंतुमय आहार वाढवणे असा सल्ला होता. जे आधीच पुरेसे अंगमेहनतीचे काम करत, त्यांनी ते चालू ठेवायचे होते. तीन वर्षांत तुलनेच्या गटातील ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. जीवनशैलीच्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के, तर मेटफॉर्मिनच्या गटात ४०.५ टक्के होते. दोन्ही एकत्र केल्याने अधिक लाभ झाला नाही. विशेष म्हणजे, वजनात फारशी घट न होताही फायदा दिसला.

या आकड्यांत दुहेरी बोध आहे. विशेष काही न करताही १०० पैकी ४५ जण तीन वर्षे मधुमेहापासून दूर राहिले. म्हणूनच कोणताही चमत्कारी काढा सहज ‘गुणकारी’ ठरू शकतो. दुसरीकडे, नियम पाळूनही ३९ जणांना मधुमेह झालाच. तो त्यांचा नैतिक पराभव नव्हे. चालण्याने संभाव्यता बदलते, हमी मिळत नाही.

रक्तदाबाचेही तसेच. १९९७ च्या अमेरिकी ‘डॅश’ चाचणीत फळे, भाज्या व कमी स्निग्ध दूध यांच्या आहाराने उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा दाब तुलनेच्या गटापेक्षा सरासरी ११ मि.मी.ने अधिक उतरला. सरासरी मात्र व्यक्तीगणिक बदलते. म्हणून मोजणी चालू ठेवावी आणि चालू असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नये.