लग्नातील बारा छायाचित्रे

लग्नाच्या याद्या करण्यात आपला हात धरणारे कोणी नाही. वाणसामान, आहेर, रुखवत, मानपान. यांतील एक गोष्ट जरी राहिली तरी वर्षभर ऐकून घ्यावे लागते. परंतु छायाचित्रे कोणाकोणाची घ्यावयाची, ही यादी आपण सहसा करीत नाही. एके काळी ती करावीच लागे. ती कशी होई हे पाहिले, की जुन्या अल्बमात कोण आहे व कोण नाही याचा उलगडा होतो.

छायाचित्रणाची कला १८३९ साली जगापुढे आली आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे जाणकार छायाचित्रकार होते. तेव्हा काचेवर रसायन पसरून ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि समोरच्याने काही सेकंद निश्चल राहावे लागे. मग पडत्या अक्षता किंवा सप्तपदीची पावले काचेवर उमटणार कशी? ज्यांना परवडे ते खुर्चीवर ताठ बसून तसबीर काढून घेत.

पडद्यातील स्त्रियांची अडचण आणखी निराळी होती. राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत खास स्त्रियांसाठी स्टुडिओ उघडला व तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपविला. मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होता.

पुढे रोल फिल्म आली आणि १९०० साली निघालेल्या स्वस्त ब्राउनी कॅमेऱ्यामुळे छायाचित्रण सामान्य घरांच्या आवाक्यात येऊ लागले. तरी कित्येक वर्षे रोलचा हिशेब कडकच राहिला. १२० क्रमांकाच्या रोलवर चौरस आकाराची अवघी बारा चित्रे निघत. फ्लॅशचा बल्ब एकदा पेटला की संपला! त्यामुळे बारा जागा आधीच वाटल्या जात. अंतरपाट, माळ, कन्यादान, सप्तपदी, दोन्हीकडची वडीलधारी मंडळी, व्याह्यांचे मानकरी, की रोल संपला.

या वाटणीत कोणाला जागा मिळत नसे? पहाटेपासून चुलीशी बसलेल्या बायकांना, हळदीची गाणी म्हणणाऱ्या आजीला, पंगतीत वाढणाऱ्या जावांना. आणि सर्वांत मनाला लागते ती गोष्ट म्हणजे मुलीला एकटीने वाढविणारी विधवा आई. शुभकार्यात तिने पुढे येऊ नये या रूढीमुळे ती मांडवाच्या कडेला राही आणि अर्थातच चित्राबाहेरही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला व त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनाही तसे आवाहन केले. ठराव कागदावर होतो. तो घरात उतरला की नाही, हे लग्नाचे चित्र पाहून कळते.

आपल्या जवाहरनगरात ही गोष्ट अधिकच महत्त्वाची आहे. आयुधनिर्माणीच्या फाटकाआत कॅमेरा जात नाही. तेथे आयुष्य वेचणाऱ्या माणसाचे कामावरचे चित्र घरात नसते. लग्न, बारसे, निरोप समारंभ यांतील चित्रे हीच काय ती त्याची व त्याच्या घरच्यांची आठवण. त्यातून येथील कुटुंबे नाना प्रांतांतून आलेली; नातलग पुन्हा केव्हा एकत्र येतील याचा नेम नाही.

आता प्रत्येकीच्या हाती फोन आहे आणि चित्रांना मोजमाप उरलेले नाही. तरी हजार चित्रांतही तीच आजी पुन्हा राहून जाते, कारण तिचे नाव कोणी लिहून ठेवलेले नसते. म्हणून कार्याच्या आठ दिवस आधी बारा नावांची यादी करावी. वृद्धांची चित्रे ती थकण्यापूर्वी, सकाळीच घ्यावीत. सर्वांना ओळखणारी एक बाई छायाचित्रकाराजवळ उभी करावी. स्वयंपाकघरात एक चित्र घ्यावेच. वधूची किंवा वराची आई विधवा असेल, तर तिला हाताला धरून मधोमध बसवावे. नंतर निवडक चित्रे कागदावर छापून, मागे पेन्सिलीने नावे व साल लिहावे.

पन्नास वर्षांनी नात अल्बम उघडील आणि विचारील, “ही कोण?” तिला उत्तर मिळावे, एवढ्यासाठी ही यादी.