घोळणा फुटतो, पण दोष उन्हाचा नसतो तेव्हा
(थ्रेड)

१/ बीड जिल्ह्यात वैशाखात मुलाचा घोळणा फुटला की घरचे म्हणतात, ऊन बाधले. डोक्यावर पाणी, नाकाशी फोडलेला कांदा. बहुधा रक्त थांबतेही. परंतु क्वचित एखाद्या मुलाच्या नाकामागे रक्तवाहिन्यांची गाठ दडलेली असते. तिच्या निदानाचा हा इतिहास.

२/ सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नाकाचे ३१ रोग मोजले आहेत. त्यांत नाकातील मोड आणि गाठीही येतात. मात्र यांतील एक गाठ सहसा वयात येणाऱ्यांना ग्रासते, ही नोंद १८४७ मध्ये शल्यविशारद चेलियस यांच्या ग्रंथात आढळते. १९४० मध्ये फ्रीडबर्ग यांनी तिला ‘अँजिओफायब्रोमा’ म्हटले.

३/ ही गाठ कर्करोग नव्हे. ती जवळजवळ केवळ किशोरवयीन मुलांनाच होते. नाकाच्या मागच्या भागात उगवून ती सायनस, डोळ्याची खोबण, प्रसंगी कवटीच्या तळापर्यंत पसरते. तिच्यातील रक्तवाहिन्यांच्या भिंतींत स्नायूंचा थर अपुरा असतो. त्या आकसत नाहीत, म्हणून रक्त थांबत नाही.

४/ येथेच वैद्यकाची कोंडी झाली. गाठ दिसली की तुकडा काढून तपासावा, ही नेहमीची रीत. येथे तो तुकडाच जिवावर बेतू शकतो. मग हात न लावता गाठ ओळखायची कशी?

५/ १९६५ मध्ये हॉलमन व मिलर यांनी एक्स-रेतील खूण दाखवली : गालाच्या सायनसची मागची भिंत गाठीच्या दाबाने पुढे झुकते. १९७१ मध्ये लंडनजवळ रुग्णाचे पहिले सीटी स्कॅन झाले. गाठीचा पसारा आता शस्त्राविना दिसू लागला.

६/ १९७०च्या दशकात उपचारही पालटला. धमनीतून बारीक नळी नेऊन गाठीचा रक्तपुरवठा आधी बंद करायचा, मग एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया. पूर्वी चेहरा किंवा टाळू उघडावी लागे. पुढे दुर्बिणीमुळे अनेक गाठी नाकपुडीतूनच निघू लागल्या.

७/ त्याच दशकात, १९७४ मध्ये, अंबाजोगाईत ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. त्याला नाव मिळाले हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे. ते याच गावातील योगेश्वरी शाळेत शिक्षक होते. कान-नाक-घशाचा तज्ज्ञ आता जिल्ह्यातच भेटू लागला.

८/ मोठ्या शस्त्रक्रियेसाठी आजही दूरचे शहर गाठावे लागू शकते. पहिली शंका मात्र गावातच यायला हवी. किशोरवयीन मुलाची एकच नाकपुडी सतत बंद राहते, घोळणा वारंवार फुटतो? मग कांद्यावर थांबू नका, तज्ज्ञाला दाखवा.