जुने पट आणि नवे खेळ : पुनरुज्जीवनाच्या परीक्षणाची एक कसोटी

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण जे पांढरकवडा, त्याचे नाव मराठ्यांच्या इतिहासात एका प्रसंगामुळे येते. एप्रिल १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाच्या सैन्याची कर्नल ॲडम्सच्या फौजेशी याच परिसरात गाठ पडली आणि पेशव्यांचा पराभव झाला. ही लढाई कागदोपत्री नोंदली गेली, कारण तिच्याशी राज्याचे भवितव्य निगडित होते. परंतु ज्या व्यवहारांशी राज्याचा संबंध येत नाही, त्यांची नोंद सहसा होत नाही. घराच्या ओट्यावर खडूने आखले जाणारे आणि डाव संपताच पुसले जाणारे पट हे अशा व्यवहारांपैकीच होत. आज जुन्या खेळांच्या नव्या आवृत्त्या छापील पटांच्या व भ्रमणध्वनीवरील खेळांच्या रूपाने बाजारात येत आहेत. अशा वेळी त्यांचे परीक्षण कोणत्या कसोटीवर करावे, हा प्रश्न केवळ हौशी मंडळींचा न राहता इतिहासाच्या अभ्यासकाचाही झाला आहे.

पांढरकवड्याचे भौगोलिक स्थान या प्रश्नाच्या विचारास अनुकूल आहे. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राजमार्ग येथून जातो आणि पैनगंगेपलीकडे तेलुगू मुलूख लागतो. या मार्गाच्या दोन्ही टोकांस एकच खेळ निरनिराळ्या नावांनी ओळखला जातो. नागपूरकडे त्यास ‘चंग’ म्हणतात, तर तेलुगू भाषकांत तो ‘अष्टाचम्मा’ या नावाने प्रसिद्ध आहे. खानदेशात त्याच खेळास ‘चल्लस आठ’ हे नाव आहे. पाच घरे लांब व पाच घरे रुंद असा पंचवीस घरांचा पट, प्रत्येक खेळाडूच्या चार सोंगट्या आणि दानासाठी चार कवड्या, एवढेच त्याचे साहित्य. कवड्या नसल्यास एका बाजूने घासून पांढरे केलेले चिंचोके चालतात. बाहेरच्या फेरीची सोळा घरे, आतल्या फेरीची आठ आणि मधले एक, असा सोंगटीचा प्रवास असतो. फुलीच्या घरात सोंगटी सुरक्षित असते. बहुतेक ठिकाणी असाही नियम आढळतो की, प्रतिपक्षाची निदान एक सोंगटी मारल्यावाचून आतल्या फेरीत प्रवेश मिळत नाही.

या खेळाचे मर्म त्याच्या दानांत आहे. जितक्या कवड्या उताण्या तितके दान, आणि चारही पालथ्या पडल्यास आठ, अशी सर्वसाधारण रीत आहे. कवड्या अगदी समतोल धरल्या तर सोळा शक्यतांपैकी दोनाचे दान सहा वेळा, एक व तीन प्रत्येकी चार वेळा, आणि चार व आठ प्रत्येकी एकदाच पडण्याचा संभव असतो. म्हणजे लहान दाने नित्याची आणि मोठी दाने दुर्मीळ. ज्याला आपली सोंगटी किती घरे दूर ठेवावी हे कळते, त्याला या विषम वाटणीचा उपयोग करून घेता येतो. शिवाय प्रत्यक्षात कवडी समतोल नसते. तिचा कल सरावाने ओळखता येतो. दैव आणि निवड यांचे हे विशिष्ट प्रमाण हेच त्या खेळाचे खरे स्वरूप होय.

खेळांचे असे सूक्ष्म निरीक्षण आपल्या परंपरेस अपरिचित नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या विनोदांचे वर्णन करताना बुद्धिबळे, फासे व कवड्या यांच्या क्रीडांना स्वतंत्र स्थान दिले. मूळच्या पैठणच्या, परंतु काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने सतराव्या शतकात ‘नीतिमयूखा’त बुद्धिबळाचे नियम नोंदले. पुढे १८७१ मध्ये औरंगाबादच्या हरिकृष्णांनी ‘बृहज्ज्योतिषार्णव’ या ग्रंथात ‘क्रीडाकौशल्य’ नावाचे प्रकरण घालून अनेक पटांचे व त्यांवरील खेळांचे वर्णन केले. या तिन्ही ग्रंथकारांनी खेळाकडे क्षुल्लक वस्तू म्हणून पाहिले नाही. तो शब्दांत नोंदण्याजोगा आहे, ही त्यांची भूमिका होती.

याच परंपरेची दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. महानुभाव पंथाचे संस्थापक श्रीचक्रधर यांच्या पूर्वचरित्रात हरिपाळदेव द्यूतात हरल्याची कथा येते. देणे फेडण्यासाठी त्यांनी पत्नीकडे दागिने मागितले, तिने ते नाकारले, आणि त्यातून आलेल्या विरक्तीने ते रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने घराबाहेर पडले. एका पणाचा परिणाम मराठी वाङ्मयाच्या आरंभकाळापर्यंत असा पोहोचतो. धर्मशास्त्रातही या बाबतीत एकमत नव्हते. मनूने निर्जीव साधनांचे ‘द्यूत’ व प्राण्यांच्या झुंजींचे ‘समाह्वय’ असा भेद करून राजाने दोहोंचे निवारण करावे असे सांगितले. कौटिल्याने मात्र द्यूताध्यक्ष नेमून त्यावर नियंत्रण ठेवण्याचा मार्ग स्वीकारला. खेळ आणि पण या भिन्न गोष्टी आहेत, परंतु त्या एकत्र आल्या की खेळाचे स्वरूप पालटते, ही जाणीव दोन्ही मतांच्या मुळाशी आहे.

आता पुनरुज्जीवनाची काही उदाहरणे पाहू. पहिले मोक्षपटाचे. मराठी परंपरा त्याचा संबंध ज्ञानेश्वरांशी जोडते. त्यास समकालीन पुरावा मात्र नाही. भारतातील जुन्या पटांवर घरांना सद्गुणांची, दोषांची व लोकांची नावे असत. घरांची संख्याही संप्रदायपरत्वे बदले. वैष्णव पटांत बहुधा बहात्तर, तर जैन पटांत चौऱ्याऐंशी घरे आढळतात. साप शिड्यांहून अधिक असत, कारण पतन सुलभ व उद्धार दुर्लभ हे त्यातील शिकवणीचे सार होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला. तेथे हळूहळू नावे गळाली आणि साप व शिड्या यांची संख्या सारखी करण्याकडे कल झाला. खेळण्याची रीत जवळजवळ तीच राहिली. अर्थ मात्र नाहीसा झाला. या खेळात खेळाडूस निवड मुळीच नसते. म्हणून घरांची नावे गेली की केवळ फाशाची गंमत शिल्लक राहते.

दुसरे उदाहरण सावंतवाडीच्या गंजिफांचे. दशावतारी गंजिफेत दहा रंग व प्रत्येकी बारा पाने, मिळून एकशेवीस गोल पाने असतात. पाच रंगांत दहा हे पान उच्च, तर उरलेल्या पाचांत एक्का उच्च. दिवसा राम आणि रात्री कृष्ण हा डावाचा आरंभ करणारा रंग. ही योजना बुद्धीस ताण देणारी आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही लोपत चाललेली कला जगविली. वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांचे ज्ञान त्यांच्या उपयोगी पडले. त्यांचे हे कार्य मोठे आहे. तथापि आज ही पाने बहुधा चौकटीत लावण्यासाठी वा भेट देण्यासाठी घेतली जातात. येथे मोक्षपटाच्या उलट स्थिती झाली. चित्र राहिले, खेळ मागे पडला.

तिसरे उदाहरण पचिशीचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात तिचे ‘लुडो’ झाले आणि त्या रूपात ती भारतात परतली. नवी मुंबईतील गेमेशन टेक्नॉलॉजीज या संस्थेने २०१६ मध्ये ‘लुडो किंग’ हा खेळ भ्रमणध्वनीवर आणला. २०२० च्या टाळेबंदीत दूर राहणारी कुटुंबे त्यायोगे एका पटाभोवती जमली. जुन्या खेळातील संगत नव्या साधनाने राखली जाते, हे यावरून मान्य केले पाहिजे. परंतु कवड्यांच्या जागी सहा बाजूंचा फासा आल्याने सर्व दाने समसंभव झाली आणि लहान व मोठ्या दानांतील विषमता संपली. हातात कवड्या खुळखुळवून त्यांचा कल जोखण्याचे कौशल्यही त्याबरोबर गेले.

या तिन्हींहून निराळे उदाहरण म्हणजे पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा २०२० मधील ‘राजी’ हा दृक्‌खेळ. त्यात जुन्या खेळाचा जीर्णोद्धार नाही. राजस्थानी वास्तू, पहाडी चित्रशैली व छायाबाहुल्यांची कथनरीत यांच्या आधारे नवीन साहसकथा रचली आहे. तो जुना असल्याचा दावा करीत नाही, म्हणून त्याचे मूल्यमापन त्याच्या स्वतःच्या नियमांवर करता येते. कित्येक ‘पारंपरिक’ म्हणविणाऱ्या पेटीबंद खेळांपेक्षा ही भूमिका अधिक प्रामाणिक आहे.

यावरून परीक्षणाची कसोटी स्पष्ट होते. पुनरुज्जीवित खेळाचे केवळ रूप जुने आहे की नाही हे पाहणे पुरेसे नाही. दैव व निवड यांचे प्रमाण कायम आहे काय, घरांचा व पानांचा अर्थ खेळणाऱ्यास कळतो काय, खेळाडू एकमेकांच्या संगतीत राहतात काय, आणि खेळात पण शिरला आहे काय, हे चार प्रश्न विचारले पाहिजेत. शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व अलीकडे वाढले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, निषिद्ध ठरविले. मनू व कौटिल्य यांच्यातील जुना वाद नव्या साधनांच्या संदर्भात पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी निर्णय मनूच्या बाजूस झुकला.

ही कसोटी लावावयाची तर मूळ नियम हाती असले पाहिजेत, आणि नेमके तेच दुर्मीळ होत आहेत. मोक्षपट कापडावर व कागदावर टिकले, गंजिफा पेट्यांत टिकल्या. ओट्यावरचा चंग मात्र केवळ खेळणाऱ्यांच्या स्मरणात टिकला आहे. ‘क्रीडाकौशल्या’सारखा ग्रंथ प्रत्येक गावचा पाठभेद सांगत नाही. केळापूर तालुक्यात मराठी, तेलुगू, गोंडी व कोलामी या भाषा जवळजवळ नांदतात. एकाच पटावर या भाषांत दानांना काय म्हणतात, आठाचे दान कसे मोजतात, मारल्यावाचून आत जाता येते काय, एवढ्या माहितीची गावनिहाय नोंद झाली तरी खेळाच्या प्रसाराचा मार्ग शोधण्यास भक्कम आधार मिळेल. हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे. त्यास उत्खननाचा खर्च लागत नाही. विलंब परवडण्याजोगा मात्र नाही, कारण या साधनसामग्रीचे दप्तर वृद्ध माणसांच्या आठवणीत आहे आणि त्याची दुसरी प्रत कोठेही ठेवलेली नाही.