स्पोर्ट्स कारच्या प्लग वायर : बदलताना क्रम आणि दिशा महत्त्वाची

अकलूजसारख्या उसाच्या पट्ट्यातील गावात जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार सहसा दृष्टीस पडत नाही. तरीही पुण्याहून पंढरपूरकडे निघालेल्या एखाद्या हौशी मालकाची एमजी येथे 'मिसिंग' मारू लागली, तर जुन्या गॅरेजवाल्याने तिला परकी मानण्याचे कारण नाही. १९५५ मध्ये आलेल्या 'एमजीए'चे सुरुवातीचे १४८९ सीसीचे इंजिन आणि हिंदुस्थान मोटर्सच्या अ‍ॅम्बेसिडरमधील १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन ही एकाच ब्रिटिश 'बी-सीरिज' घराण्यातील भावंडे होत. पुढची 'एमजीबी' (१९६२ ते १९८०) १७९८ सीसीची झाली, पण घराणे तेच राहिले. अ‍ॅम्बेसिडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. तिच्यावर हात बसलेल्या मेकॅनिकचे ज्ञान मात्र या गाड्यांच्या प्लग वायरी जोडताना जसेच्या तसे उपयोगी पडते.

बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये वीस हजारांच्या घरात किंवा त्याहून वर चढतात. हा दाब मधल्या जाड वायरीने डिस्ट्रिब्युटरमध्ये येतो आणि आत फिरणारा रोटर तो एकेका प्लगकडे पाठवतो. इतका दाब सांभाळणारे वायरीचे आवरण इंजिनाच्या उष्णतेने कडक होऊन तडकते. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारे सोलापूर जिल्ह्यातील तापमान आणि धूळ त्यात भर घालतात. तडा गेलेली वायर कोरड्या हवेत कशीबशी चालते. पहिल्या पावसात दमटपणा आला की ठिणगी प्लगपर्यंत न जाता वाटेतच इंजिनाच्या लोखंडावर उडी मारते. रात्री बॉनेट उघडून अंधारात चालू इंजिन पाहिल्यास ही निळी ठिणगी डोळ्यांना दिसते. चालू इंजिनाची वायर हाताने उपसून पाहण्याची गॅरेजमधील जुनी सवय मात्र सोडलेली बरी. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेल्या गाडीत तो झटका गंभीर ठरू शकतो.

वायर निवडतानाही एक मेख आहे. जुन्या वायरींत तांब्याची तार असे. नंतर रेडिओतील खरखर टाळण्यासाठी कार्बनचा गाभा असलेल्या, काही हजार ओहम रोध देणाऱ्या वायरी आल्या. लुकासच्या काही जुन्या डिस्ट्रिब्युटर कॅपमध्ये वायर बाजूने आत सरकवून टोकदार स्क्रूने टोचून धरली जाते. ही पद्धत तांब्यासाठी योग्य, कार्बनच्या गाभ्यात तो स्क्रू नीट पकड घेत नाही. उलट इलेक्ट्रॉनिक इग्निशनला नुसती तांब्याची वायर चालत नाही. म्हणून कॅप पाहूनच वायर घ्यावी.

काम थंड इंजिनावर, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून करावे. एक जुनी वायर काढावी, तिच्याच लांबीची नवी तेथे बसवावी, मगच दुसरीला हात लावावा. एवढे पथ्य पाळले तर चुकण्यास वावच उरत नाही. वायर ओढू नये. रबरी टोपी किंचित पिळून उपसावी, अन्यथा आतला कार्बन तुटतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. नवी टोपी बसताना 'टक' असा आवाज यायला हवा. वायर सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापलेल्या मॅनिफोल्डला टेकता कामा नये.

सगळ्याच वायरी निघाल्या तर

बी-सीरिज इंजिनाचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असून पहिला सिलिंडर रेडिएटरच्या बाजूचा. रोटर वरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. क्रम पाठ असूनही दिशा चुकली, तर दोन आणि तीन नंबरच्या वायरींची अदलाबदल होते. एक व चार व्यवस्थित चालतात, इंजिन सुरूही होते. पण उरलेल्या दोन सिलिंडरांत ठिणगी पडते ती जळका धूर बाहेर जाण्याच्या आणि नवे मिश्रण आत येण्याच्या संधीला. परिणामी कार्बोरेटरमधून फटाक्यासारखा आवाज येतो. कार्बोरेटर गळका असेल तर या भडक्याने आग लागण्याची भीती असते.

खरा पहिला सिलिंडर शोधण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून पहिला प्लग काढावा, भोकावर अंगठा धरावा आणि इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने फिरवावे. अंगठा आतून ढकलला जाऊ लागला की कॉम्प्रेशनचा फेरा आला. मग पुलीवरील खूण जुळवून कॅप उघडावी. त्या क्षणी रोटरचे तोंड ज्या टोकाकडे असेल, ते एक नंबरचे. तेथून घड्याळाच्या उलट ३, ४, २. पुस्तकातील आकृतीवर येथे डोळे झाकून विसंबू नये. पूर्वी कोणी डिस्ट्रिब्युटर फिरवणारा गिअर वेगळ्या दाताला बसवला असल्यास एक नंबरचे टोक आकृतीपेक्षा भलतीकडे असते. रोटर मात्र खोटे सांगत नाही.

अ‍ॅम्बेसिडरचा हा अनुभव सर्वत्र लागू करू नये. १९४८ मध्ये 'एक्सके १२०'बरोबर आलेल्या जग्वारच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात पहिला सिलिंडर मागचा, म्हणजे चालकाकडचा, क्रम १-५-३-६-२-४. 'एमजीबी जीटी व्ही-८'मधील रोव्हर इंजिनाचा क्रम १-८-४-३-६-५-७-२. त्यात शेजारी असलेले पाच व सात लागोपाठ पेटतात. त्यांच्या वायरी एकमेकींना चिकटून समांतर गेल्या, तर पाचच्या दाबाने सातमध्ये अवेळी ठिणगी पडू शकते आणि पिस्टनला इजा होते. या दोन वायरी क्लिपमध्ये दूर दूर अडकवाव्यात किंवा एकमेकींना काटकोनात ओलांडून न्याव्यात.

जोडणी पूर्ण झाल्यावर टायमिंग लाइट एक नंबरच्या वायरीला लावून टायमिंग तपासावे. एखादा सिलिंडर तरीही मुका राहिला, तर वायरीऐवजी आधी त्याचा प्लग बदलून पाहावा.