मिलिंद या नांवाची व्युत्पत्ति

मिलिंद या नांवाचा अर्थ विचारला असतां 'भुंगा' असें उत्तर मिळतें. संस्कृत कोशांत तो अर्थ आहे. परंतु अमरसिंहानें मधुकर, द्विरेफ, षट्पद, भ्रमर इत्यादि जे पर्याय गणिले, त्यांत मिलिंद नाहीं. पालि 'मिलिंदपञ्ह' ग्रंथांत भिक्षु नागसेनास प्रश्न करणारा सागल नगरचा राजा मिलिंद याचा तर भुंग्याशीं कांहीं एक संबंध नाहीं. तो इ. स. पू. दुसऱ्या शतकांतील यवनराज मेनान्द्रोस होय.

त्याच्या रौप्य नाण्यांवर एका बाजूस ग्रीक लिपींत 'बासिलेओस सोतेरोस मेनान्द्रू' व दुसऱ्या बाजूस खरोष्ठींत 'महरजस त्रतरस मेनंद्रस' असा लेख असतो. दोहोंचा अर्थ एकच: त्राता महाराज मेनान्द्र याचें (नाणें). त्याचीं नाणीं पुढें भडोचेस चालत, असें 'पेरिप्लस'चा कर्ता सांगतो.

नांवाचा उत्तरार्ध 'आनेर' म्हणजे पुरुष, याविषयीं वाद नाहीं. पूर्वार्ध कोणी 'मेनोस' (बल, आवेश) यापासून, तर कोणी 'मेनो' (ठाम राहणें) या धातूपासून घेतात. मेनोस हा आपल्या 'मनस्'चा व आनेर हा 'नर'चा सगोत्र असल्यानें पहिला पक्ष आपणांस गोड वाटतो. तथापि मेनेलाओसादि नांवें पाहतां 'ठाम राहणारा पुरुष' हाच अर्थ अधिक ग्राह्य दिसतो.

आतां नकाराचा लकार कसा झाला? पालींत 'एनस्'चें 'एल' होतें. पण इतकें दूर जावयास नको. नवनीताचें लोणी व निंबाचा लिंब आपल्याच घरांत आहेत. जवळ दुसरें अनुनासिक असतां पहिल्या 'न'चा 'ल' होतो, तोच प्रकार येथें झाला. 'इ'काराचें कोडें मात्र निराळें. त्याच ग्रंथांत अलेक्झांड्रियाचें 'अलसंद' झालें आहे. तेथें 'अंद' टिकला, येथें 'इंद' आला. नरिंद, महिंद अशा इंद्रान्त नांवांचा हा संस्कार असावा. क्षेमेंद्राच्या अवदानकल्पलतेंत 'मिलिंद्र' असेंच रूप येतें.

हल्लींच्या मराठी नांवास दोन उगम आहेत: काव्यांतील भ्रमर व पालि ग्रंथांतील राजा. दुसऱ्यास बळ मिळालें तें विशेषतः डॉ. आंबेडकरांमुळें, त्यांनीं १९५० सालीं औरंगाबादेस (आजचें छत्रपति संभाजीनगर) काढलेलें महाविद्यालय 'मिलिंद' या नांवानें व त्याचा परिसर 'नागसेनवन' म्हणून ओळखला जातो. त्यापूर्वीच्या पोथ्यांच्या पुष्पिकांत वा दप्तरांत हें व्यक्तिनाम आढळल्यास संग्राहकांनीं तें शकासह टिपून ठेवावें.