अर्बियम-यटर्बियम काच

विरल मृत्तिका मूलद्रव्यांचे त्रिभारित आयन मिसळलेल्या काचांपैकी एक महत्त्वाची लेसर काच. अर्बियमचे आयन सुमारे १,५४० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश देतात. याच पट्ट्यात सिलिका तंतूंतील प्रकाशाचा ऱ्हास किमान असतो. मात्र ९८० नॅनोमीटरच्या आसपास अर्बियमचे शोषण दुबळे असते. ही उणीव यटर्बियम भरून काढतो. तो हा प्रकाश जोमाने शोषतो आणि ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर न टाकता शेजारच्या अर्बियमला थेट देतो. द्विध्रुवी आंतरक्रियेने होणाऱ्या अशा हस्तांतरणाची त्वरा अंतराच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून आयन जवळजवळ असणे निर्णायक ठरते.

घेतलेली ऊर्जा अर्बियमने परत करू नये, ही खरी अडचण. येथे फॉस्फेट काच उपयोगी पडते. तिच्या जालकातील जोरकस कंपनांमुळे अर्बियम वरच्या पातळीवरून झटपट खाली, काही मिलिसेकंद टिकणाऱ्या पातळीवर उतरतो. परतीचा मार्ग त्यामुळे जवळपास बंद होतो.

एलायस स्निट्झर यांनी १९६१ मध्ये निओडिमियम काच लेसर आणि १९६५ मध्ये आर. वुडकॉक यांच्यासह यटर्बियम-अर्बियम काच लेसर सादर केला. अंतरमापकांत ही काच वापरतात. तिचा प्रकाश डोळ्याच्या पुढील भागातच बहुतांशी शोषला जात असल्याने दृष्टिपटलाला धोका कमी असतो. अर्बियमचे प्रमाण फार वाढवल्यास मात्र आयन एकमेकांतच ऊर्जा फिरवतात व उत्सर्जन मंदावते. काही काचांत दोन अवरक्त फोटॉनांची ऊर्जा एकाच अर्बियम आयनात साठून हिरवा प्रकाशही दिसतो.